पुरवठा साखळीतील अपव्यय : सुरुवात स्वतःच्या ऑर्डरपासून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पंप तयार करणाऱ्या तुमच्या कारखान्यात गेले वर्षभर लीन पद्धती, म्हणजे अपव्यय काढून काम सुरळीत वाहते ठेवण्याच्या पद्धती, राबवल्या गेल्या. जागेची मांडणी सुधारली, लाइनवर कानबान कार्डे (माल वापरला गेला की तेवढाच पुन्हा मागवणारी कार्डे) आली आणि ओतीव हाउसिंगचा, म्हणजे पंपाच्या धातूच्या कवचाचा, स्टोअरमधील साठा दहा दिवसांवरून पाच दिवसांवर आला. तरीही ग्राहकाला माल देण्यास लागणारा एकूण काळ कमी झालेला नाही, तातडीच्या गाड्या पूर्वीपेक्षा जास्त मागवाव्या लागतात, आणि हाउसिंगचे मशिनिंग, म्हणजे यंत्रावर अचूक आकार देण्याचे काम, करून देणारा पुरवठादार आता भाव वाढवून मागतो आहे. हीच पद्धत पुरवठादारांकडे नेली तर अपव्यय खरोखर कमी होईल का, आणि होणार असेल तर सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचारले आहे.

अपव्यय निश्चित कमी होईल. मात्र सुरुवात पुरवठादाराच्या शॉप फ्लोअरवर न करता तुमच्या पर्चेस विभागातून निघणाऱ्या शेड्यूलवर करावी लागेल. मी प्रथम उत्पादन नियोजनात आणि नंतर बरीच वर्षे पुरवठादार विकासाच्या कामात घालवली आहेत. पुरवठादाराकडे दिसणाऱ्या अपव्ययाचा मोठा भाग खरेदीदाराच्या ऑर्डर देण्याच्या सवयीतून तयार होतो, हे मला उशिरा कळले, आणि ते लवकर कळले असते तर अनेक लहान कारखानदारांचा त्रास वाचला असता असे मला मनापासून वाटते.

आधी एक मोजणी करू या. तुमच्या लाइनला रोज १०० हाउसिंग लागतात असे धरा. साठा मोजताना स्वतःच्या स्टोअरच्या दारात न थांबता साखळीच्या पार टोकापर्यंत गेलात, तर चित्र साधारण असे दिसेल : फाउंड्रीत (ओतशाळेत) तयार होऊन पडलेली ओतकामे १,५००, मशिनिंगवाल्याकडे कच्ची ८००, त्याच्या यंत्रांच्या मधल्या टप्प्यांत अडकलेली ३००, तयार होऊन गाडीची वाट पाहणारी ७००, रस्त्यात २०० आणि तुमच्या स्टोअरमध्ये ५००. बेरीज ४,०००. वर्षभरापूर्वी तुमच्या स्टोअरमध्ये १,००० होती आणि मशिनिंगवाल्याकडे तयार माल २०० होता. तेव्हाही बेरीज ४,००० च होती. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण तुमच्यासारख्या परिस्थितीत मी प्रत्यक्ष मोजणी केली तेव्हा प्रमाण याहून फार वेगळे निघाले नाही. तुमचे ५०० नग फाटकाबाहेर गेले आणि पुरवठादाराच्या रॅकवर जाऊन बसले. त्यांची जागा, त्यांत अडकलेले भांडवल आणि त्यांचा गंज आता तो सांभाळतो, आणि भाववाढीच्या मागणीचे कारणही तेच आहे.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे थेट लागू पडतो. एखाद्या प्रवाहातील सरासरी साठ्याला त्या प्रवाहाच्या दराने भागले की एक नग त्या प्रवाहात सरासरी किती काळ राहतो ते मिळते. ४,००० ला रोजच्या १०० ने भागल्यास ४० कामाचे दिवस येतात. या ४० दिवसांत हाउसिंगवर प्रत्यक्ष काम, म्हणजे ओतणे, निववणे, फेटलिंग (ओतकामावरचा जादा धातू काढणे), मशिनिंग आणि धुणे, हे काही तासांपलीकडे जात नाही. उरलेला सगळा काळ ते कुठेतरी पडून असते. साठा एका हातातून दुसऱ्या हातात दिल्याने हा ४० चा आकडा हलत नाही, म्हणूनच तुमचा एकूण काळ वर्षभरात तसूभरही कमी झालेला नाही.

टोयोटाचे तायची ओनो यांनी अपव्ययाचे जे सात प्रकार सांगितले, म्हणजे गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, अनावश्यक वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, अनावश्यक हालचाल आणि सदोष माल, ते तुम्हाला पाठ असतीलच. त्यांतही गरजेपेक्षा जास्त किंवा गरजेच्या आधी उत्पादन करणे हा प्रकार त्यांनी सर्वांत वाईट मानला, कारण बाकीचे बहुतेक प्रकार त्याच्या पोटातून जन्मतात. मात्र कारखान्यांतील प्रशिक्षणात मुडा, म्हणजे अपव्यय, या एका शब्दावरच सगळा भर दिला जातो आणि त्याच्या जोडीचे दोन शब्द मागे पडतात : मुरा म्हणजे प्रवाहातील चढउतार आणि मुरी म्हणजे माणसावर किंवा यंत्रावर टाकलेला अतिभार. एका कारखान्याच्या चार भिंतींत मुडा शोधून काढणे बऱ्यापैकी साधते. साखळीत मात्र चढउतार हे मूळ असते, त्यातून अतिभार येतो आणि अपव्यय त्यांचा परिणाम म्हणून दिसतो. हा क्रम उलटा धरला की पुरवठादाराकडे कितीही फलक लावले आणि रेषा आखल्या तरी साठा होता तिथेच राहतो.

चढउतार साखळीत कसा फुगत जातो हे कागदावर एकदा स्वतः मांडून पाहा. तुमचा आठवड्याचा खप ५०० आहे आणि तुम्ही, मशिनिंगवाला व फाउंड्री असे तिघेही 'दोन आठवड्यांचा साठा ठेवायचा' हा साधा नियम पाळता, असे समजा. प्रत्येकाकडे १,००० नग आहेत. एका आठवड्यात तुमचा खप ५५० होतो, म्हणजे फक्त १० टक्क्यांनी वाढतो. नियमाप्रमाणे आता तुम्हाला १,१०० चा साठा हवा, म्हणून तुम्ही ५५० अधिक १०० अशी ६५० ची ऑर्डर देता. मशिनिंगवाल्याला ६५० चा खप दिसतो, त्याला १,३०० चा साठा हवा, म्हणून तो फाउंड्रीकडे ९५० मागतो. फाउंड्रीला १,९०० चा साठा हवा, म्हणून ती १,८५० नग ओतायला घेते. पुढच्या आठवड्यात तुमचा खप ५५० वरच स्थिर राहतो आणि तुम्ही ५५० मागता. मशिनिंगवाल्याकडे १,३०० आहेत आणि हवेत १,१००, म्हणून तो फक्त ३५० मागतो. फाउंड्रीकडे १,९०० पडलेले आहेत, तिला हवेत ७००, म्हणून ती त्या आठवड्यात एकही नग ओतत नाही. तिसऱ्या आठवड्यात ती १०० ओतते. ग्राहकाच्या बाजूला ५०० चे ५५० झाले, एवढाच काय तो बदल. फाउंड्रीने मात्र १,८५०, शून्य आणि १०० असे तीन आठवडे काढले. यात कोणी चूक केली नाही, कोणी आळस केला नाही, आणि मालाला उशीर लागतो हेही मी हिशेबात धरलेले नाही. ते धरले तर फुगवटा आणखी वाढतो.

एमआयटीतील जे फॉरेस्टर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ही वागणूक गणिताने दाखवून दिली. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बलला लहान मुलांच्या डायपरच्या बाबतीत हेच आढळले. बाळांची गरज जवळपास एकसारखी होती, तरी वितरकांच्या ऑर्डरी मोठ्या प्रमाणात वरखाली होत होत्या आणि कच्च्या मालाच्या ऑर्डरी त्याहूनही जास्त. या घटनेला बुलव्हिप इफेक्ट हे नाव पडले, कारण चाबकाची मूठ किंचित हलवली तरी टोक मोठा हेलकावा घेते. संशोधक हाऊ ली आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याची चार कारणे मांडली : प्रत्येक पायरीवर वेगळा अंदाज बांधणे, ऑर्डरी साठवून एकदम देणे, भावातील सवलतींमुळे खरेदी पुढेमागे होणे, आणि टंचाईच्या भीतीने गरजेपेक्षा जास्त मागणे. चारही कारणे खरेदीदाराच्या टेबलावर जन्मतात, हे लक्षात घ्या.

म्हणून पहिले काम तुमच्या स्वतःच्या शेड्यूलचे आहे. गेल्या सहा महिन्यांत हाउसिंगच्या ज्या ऑर्डरी दिल्या, त्यांचा आणि लाइनवरील प्रत्यक्ष खपाचा आलेख एकाच कागदावर काढा. ऑर्डरची रेषा खपाच्या रेषेपेक्षा जास्त उंचसखल असेल, तर ती उंचसखलता तुम्ही निर्माण केलेली आहे आणि तिची किंमत पुरवठादार भरतो आहे. बहुतेक कारखान्यांत याचे कारण महिनाअखेरच्या डिस्पॅचमध्ये सापडते. पहिले दोन आठवडे लाइन सावकाश चालते, शेवटच्या आठवड्यात महिन्याचा निम्मा माल काढला जातो, आणि त्या आठवड्यासाठी पुरवठादाराने तीन आठवडे माल साठवून ठेवलेला असतो. हे बदलायचे तर विक्री विभागाला चर्चेत आणावे लागते आणि ते काम कारखाना प्रमुखाशिवाय होत नाही. लीनचे काम उत्पादन विभागावर सोपवून बाकीचे विभाग मोकळे राहिले, तर इथेच अडते.

शेड्यूलची शिस्त मी अशी ठेवायला सांगतो. पुढचे दोन आठवडे पक्के असावेत आणि रोजचा आकडा आठवडाभर एकच असावा, म्हणजे सोमवारी ३०० आणि बुधवारी शून्य असे न करता रोज १००. त्यापुढच्या चार ते सहा आठवड्यांसाठी वरखाली १० टक्क्यांचा पट्टा ठरवून द्यावा, म्हणजे पुरवठादाराला माणसे आणि कच्चा माल यांची तयारी करता येते. ग्राहकाची मागणी खरोखर उंचसखल असेल, तर ती उंचसखलता शोषून घेणारा तयार पंपांचा थोडा साठा तुम्ही तुमच्या डिस्पॅचजवळ जाणीवपूर्वक ठेवावा. लीनच्या नावाखाली हा साठा काढून टाकण्याचा मोह होतो, पण त्याच्यामुळे मागची सगळी साखळी समान गतीने चालत असेल, तर साखळीतील इतर साठा त्याच्या कितीतरी पटीने कमी होतो. मिश्र उत्पादनाची समानताही इथेच येते. तीन प्रकारचे पंप असतील, तर एकेका प्रकाराचा आठवडा करण्याऐवजी तिन्ही प्रकार रोज थोडेथोडे करा, म्हणजे मागच्या प्रत्येक सुट्या भागाची मागणी आपोआप सपाट होते.

आणि मोजमापे तपासा. पर्चेस अधिकाऱ्याचे काम जर नगाच्या भावावरूनच मोजले जात असेल, तर तो भाव उतरवण्यासाठी मोठे लॉट घेणारच. वाहतुकीचे काम गाडी किती भरली यावरून मोजले जात असेल, तर गाडी भरेपर्यंत माल थांबणारच. ही माणसे त्यांना दिलेले काम चोख करत असतात, त्यामुळे त्यांना बोल लावून काही साधत नाही. एका हाउसिंगचा लाइनपर्यंत पोहोचण्याचा पूर्ण खर्च आणि पूर्ण काळ ही दोन मोजमापे या दोन्ही विभागांनी मिळून घ्यावीत.

एवढे झाल्यावर पुरवठादाराकडे जा, आणि जाताना एकटा पर्चेसचा माणूस पाठवू नका. नियोजन, गुणवत्ता आणि लाइनवरील एक अनुभवी ऑपरेटर, असे तिघे जण सोबत हवेत. एकच भाग निवडा आणि तुमच्या लाइनपासून उलट्या दिशेने चालत जा. प्रत्येक थांब्यावर माल किती आहे, तो कशाची वाट पाहतो आहे आणि पुढे काय करायचे हे तिथल्या माणसाला कशावरून कळते, एवढे तीन प्रश्न विचारा आणि जे दिसेल ते पेन्सिलने कागदावर काढा.

अशा एका फेरीतील एक गोष्ट सविस्तर सांगतो. मशिनिंगवाल्याकडे शेवटच्या टेबलावर दोन कामगार प्रत्येक हाउसिंग पुसत होते, मशिन केलेल्या पृष्ठभागांना गंजरोधक तेल लावत होते, कागदात गुंडाळत होते आणि लाकडी पेटीत २४ च्या संख्येने रचत होते. पेटीला खिळे ठोकले जात. आमच्या स्टोअरमध्ये दोन माणसे खिळे काढत, कागद सोडवत, तो भंगारात टाकत आणि हाउसिंग दहा खाचांच्या ट्रॉलीवर मांडत. चोविसात दोन ट्रॉल्या भरून चार नग उरत आणि ते जमिनीवर ठेवले जात. त्यानंतर लाइनच्या सुरुवातीला ते तेल धुऊन काढण्यासाठी एक वॉशिंग मशीन होते, कारण तेल राहिले तर गॅस्केट नीट बसत नव्हती. आमच्यातील ऑपरेटर बाईंनी तिथेच विचारले, "आम्ही जे रोज धुतो ते तुम्ही रोज लावता कशाला?" उत्तर सरळ होते. माल दहाबारा दिवस पडून राहतो, तेल नसेल तर गंज चढतो. माल दुसऱ्या दिवशी लाइनवर लागणार असता तर इतके तेल, कागद, पेटी, खिळे आणि धुणे यांपैकी बहुतेक कशाचीच गरज नव्हती. पुढे दहा खाचांच्या, परत फिरणाऱ्या ट्रॉल्या थेट मशिनिंगवाल्याच्या शेवटच्या यंत्राशी ठेवल्या गेल्या आणि तिथून त्या गाडीत चढून थेट लाइनवर येऊ लागल्या. पेटी, कागद आणि खिळे संपले, तेलाचा पातळ हात उरला. चार माणसे दुसऱ्या कामाला मोकळी झाली, आणि मुख्य म्हणजे वाहतुकीत पृष्ठभागावर पडणारे ठोके थांबले. ही सुधारणा दोन्ही कारखान्यांच्या मध्ये होती. दोघांपैकी एकट्याला ती कधीच दिसली नसती, कारण प्रत्येकाच्या हद्दीत ते काम आवश्यकच दिसत होते.

गुणवत्तेचा मुद्दा मला साठ्याच्या खर्चापेक्षाही मोठा वाटतो. ओतकामातील ब्लोहोल, म्हणजे धातूत अडकलेल्या वायूने झालेली पोकळी, बहुधा वरून दिसत नाही. मशिनिंग झाल्यावर किंवा थेट तुमच्या लाइनवरील गळती चाचणीत तो उघडा पडतो. साखळीत ४० दिवसांचा माल असेल, तर आज गळलेले हाउसिंग महिन्याहून अधिक आधी ओतलेले असते. त्या दिवशी साच्याच्या वाळूत पाणी जास्त झाले होते का, धातूचे तापमान कमी होते का, हे आता कोणाला आठवणार? फाउंड्रीला मिळते ती फक्त टक्केवारीची तक्रार आणि डेबिट नोट. शिवाय दोष आजही चालू असेल, तर मधले हजारो नग संशयित ठरतात, ते वेगळे काढावे लागतात, तपासावे लागतात, आणि त्यासाठी माणसे बसवावी लागतात. हाच माल पाच दिवसांत लाइनवर आला, तर फाउंड्रीतील सुपरवायझर वाळूच्या नोंदवहीची चार पाने मागे उलटून कारण शोधू शकतो. प्रवाह जलद झाल्याने गुणवत्ता सुधारते ती या मार्गाने. म्हणून कोणत्याही कपातीआधी प्रत्येक ट्रॉलीवर ओतल्याची तारीख आणि साच्याचा क्रमांक यावा आणि दोषाची बातमी त्याच पाळीत फोनवरून फाउंड्रीत पोहोचावी, एवढी व्यवस्था करा. साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागात धागा तुटताच माग आपोआप थांबत असे. साखळीला हीच सवय लावायची आहे, की दोष दिसताच तो जिथे निर्माण झाला ती जागा थांबली पाहिजे.

लहान लॉट का होत नाहीत, याचे उत्तर पुरवठादाराच्या यंत्रापाशी मिळते. एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाताना सेटअपला, म्हणजे यंत्राची मांडणी बदलायला, तीन तास लागत असतील, तर तो एकदा बसवलेल्या फिक्स्चरवर (नग पकडून ठेवणाऱ्या साधनावर) आठवड्याचा माल काढणारच आणि ते त्याच्या दृष्टीने शहाणपणाचेच आहे. किफायतशीर लॉटचे गणित फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडले, आणि त्यात लॉटचा आकार सेटअपच्या खर्चाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. सेटअपचा खर्च चौपट कमी झाला की किफायतशीर लॉट निम्मा होतो. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी सेटअप ही दिलेली, न बदलणारी गोष्ट मानण्यास नकार दिला. टोयोटातील १,००० टनी प्रेसचा चार तासांचा सेटअप त्यांनी १९६९ च्या सुमारास आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आणला. त्यांची मूळ युक्ती साधी आहे. यंत्र थांबलेले असतानाच करावी लागणारी कामे आणि यंत्र चालू असताना करता येणारी कामे वेगळी करायची, मग पहिल्या गटातील जितकी दुसऱ्या गटात ढकलता येतील तितकी ढकलायची. सेटअपचे चित्रीकरण करून पुरवठादाराच्याच माणसांना दाखवा. पाना शोधण्यात, क्रेनची वाट पाहण्यात आणि पहिला नग गुणवत्ता विभागाकडून पास होऊन येण्यात किती वेळ गेला, हे ते स्वतःच मोजतात. माझ्या अनुभवात निम्मा वेळ पैसे न घालता कमी होतो.

रोज थोडा माल आणायचा तर वाहतूक महाग पडेल, ही शंका तुमच्या मनात असेलच. पाच पुरवठादार आठवड्यातून एकदा भरलेली गाडी पाठवतात असे धरा. आठवड्याला पाच फेऱ्या झाल्या. त्याऐवजी एकच गाडी रोज पाचही जणांकडे फिरून प्रत्येकाचा एक पंचमांश माल घेऊ लागली, तरी आठवड्याला फेऱ्या पाचच होतात आणि लॉट मात्र पाचपट लहान होतो. दुधाच्या फेरीसारख्या या पद्धतीला मिल्क रन म्हणतात. फेरीचे अंतर वाढते हे खरे, म्हणून ती एकमेकांच्या जवळ असलेल्या पुरवठादारांनाच लावावी, आणि तीच गाडी रिकाम्या ट्रॉल्या व कानबान कार्डे परत नेते हाही तिचा मोठा उपयोग आहे. समुद्रमार्गे आठवडेच्या आठवडे प्रवास करणाऱ्या भागांना हे लागू नाही. त्यांच्यासाठी एका ठरवलेल्या जागी पुरेसा साठा ठेवणे आणि बाकीच्या जागांवरचा काढणे हाच मार्ग आहे.

पुरवठादाराच्या यंत्रांवरील भाराविषयी एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दुर्लक्षित राहते. यंत्र जितके जास्त भरलेले तितके चांगले, असा समज आहे. रांगांच्या गणितानुसार, आणि गणितज्ञ जॉन किंगमन यांचे सूत्र हेच सांगते, यंत्रापुढील प्रतीक्षा ही वापराच्या प्रमाणाला मोकळ्या राहिलेल्या प्रमाणाने भागून येणाऱ्या आकड्याच्या पटीत वाढते. वापर ८० टक्के असताना हा आकडा ४ असतो, ९० टक्क्यांना ९ आणि ९५ टक्क्यांना १९. म्हणजे ८० वरून ९५ वर नेल्यास यंत्राने जवळपास १९ टक्के जास्त वेळ काम केले, पण त्यापुढची रांग जवळजवळ पाचपट झाली. हे सूत्र चढउताराने गुणले जाते, म्हणून सपाट शेड्यूलने रांग कमी होते. पुरवठादाराची अडणारी यंत्रे तुमच्या मालासाठी पूर्ण भरलेली असतील, तर त्याच्याकडून वेळेवर माल मागणे म्हणजे त्याला रोज रात्रपाळी करायला लावणे होय, आणि हाच तो मुरी.

कानबान कार्डे पुरवठादारापर्यंत नेण्याची वेळ यानंतर येते, त्याआधी नाही. हिशेब सोपा आहे. रोजचा खप १००, कार्ड निघाल्यापासून माल लाइनवर येईपर्यंत तीन दिवस, २० टक्के सुरक्षा, आणि ट्रॉलीत १० नग असतील तर १०० गुणिले ३ गुणिले १.२ भागिले १०, म्हणजे ३६ कार्डे पुरतात. शेड्यूल उंचसखल असताना हीच कार्डे लावली, तर सोमवारी एकदम तीस कार्डे जातील आणि पुढचे तीन दिवस एकही जाणार नाही. मग पुरवठादार कार्डाकडे न पाहता पुन्हा अंदाजाने माल करू लागेल, आणि ते त्याच्या जागी योग्यच असेल.

साठा कमी केल्यावर साखळी नाजूक होते का, हा प्रश्न रास्त आहे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी टोयोटाला ब्रेकचे पी-व्हॉल्व (ब्रेकच्या दाबाचे नियमन करणारे व्हॉल्व) पुरवणाऱ्या आयसिन सेकीच्या करिया येथील कारखान्याला आग लागली. हे व्हॉल्व जवळजवळ सगळे त्या एकाच ठिकाणी होत होते, आणि टोयोटाच्या जपानमधील वाहन जोडणीच्या लाइन थांबल्या. आठवडाभरात त्या पुन्हा सुरू झाल्या, कारण आयसिनने रेखाचित्रे खुली केली आणि अनेक कंपन्यांनी, ज्यांतील काहींनी असा व्हॉल्व कधीच केला नव्हता, हाताशी असलेल्या यंत्रांवर ते करून दिले. यातून मी दोन गोष्टी घेतो. एकच जागा असलेल्या, पर्याय लवकर न उभा राहणाऱ्या भागाचा साठा विचारपूर्वक ठेवावा. २०११ च्या भूकंपानंतर टोयोटाने सेमीकंडक्टर चिपच्या बाबतीत पुरवठादारांना काही महिन्यांचा साठा ठेवायला सांगितले, तो याच विचाराने. दुसरी गोष्ट अशी, की संकटात धावून येणारा पुरवठादार हा वर्षानुवर्षांच्या वागणुकीतून मिळतो.

त्या वागणुकीत पैशाचा भाग मोठा आहे. सुधारणेतून वाचलेला खर्च पहिल्याच वाटाघाटीत भावातून पूर्ण कापून घेतला, तर पुरवठादार दुसरी सुधारणा तुम्हाला दाखवणार नाही. बचतीची वाटणी काम सुरू होण्याआधी लिहून ठरवा, आणि पहिल्या वर्षाची बचत शक्यतो त्याच्याकडेच राहू द्या. त्याच्या माणसांपैकी कोणाचेही काम या सुधारणेमुळे जाणार नाही, हेही त्याच्याकडून आणि तुमच्याकडून आधी स्पष्ट व्हावे, नाहीतर सेटअपचे चित्रीकरण करायला कोणी उभे राहणार नाही. बिले वेळेवर चुकती करा. साठ दिवस पैसे अडकलेला लहान कारखानदार कच्चा माल हवा तेव्हा न घेता पैसे हाती येतील तेव्हा घेतो, आणि तुमचे सपाट शेड्यूल तिथे पुन्हा उंचसखल होते. तुमच्या पुरवठादाराला भाववाढ हवी आहे, तर आज त्याच्याशी भावावर वाद घालू नका. ते ७०० नग त्याच्या रॅकवर कसे आले, हे त्याच्यासोबत बसून कागदावर मांडा आणि ते काढण्याची जबाबदारी दोघांची आहे असे सांगा.

प्रत्यक्ष साठा कमी करणे हे सगळ्यांत शेवटी करा. शेड्यूल दोन महिने सपाट राहिले, ट्रॉल्या फिरू लागल्या, सेटअप उतरला आणि दोषाची बातमी त्याच दिवशी फाउंड्रीत पोहोचू लागली, की ३६ कार्डांतून एक कार्ड काढून ठेवा आणि दोन आठवडे वाट पाहा. काही अडले नाही तर आणखी एक काढा. जेव्हा अडेल, तेव्हा कोणत्या टप्प्यावर अडले, किती वेळ अडले आणि कशामुळे, एवढे लिहून ते कार्ड परत घाला, ते कारण दूर करा आणि मग पुन्हा काढा. मशिनिंगवाल्याच्या ७०० आणि फाउंड्रीच्या १,५०० नगांनाही हाच नियम लावा, पण तिथली कार्डे काढण्याचा निर्णय त्यांच्या सुपरवायझरला घेऊ द्या, कारण अडल्यावर रात्री थांबावे लागते ते त्याला.